मोदकपात्रातलं झिओलाइट

आमच्या कॉलेजात कचऱ्याला तोटा कधीच नव्हता. त्याचं मोल मात्र कॉलेजची पाहणी करायला समिती येणार असं पत्र आल्यावर कळलं. प्राचार्यांनी सगळ्या विभागांची बैठक घेतली आणि सांगितलं की पाहणीच्या दिवशी प्रत्येकाने टाकाऊपासून टिकाऊ असं काहीतरी मांडायचं. नवं काही विकत आणायचं नाही, पण जे मांडाल ते नवं दिसलं पाहिजे. फिजिक्सवाल्यांनी बाटल्यांचे दिवे करायला घेतले. बॉटनीवाले गांडुळांच्या मागे लागले. मराठी विभागाने जुन्या उत्तरपत्रिकांची फुलं केली, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तरपत्रिकांचं याहून चांगलं काही होण्यासारखं नव्हतं.

उरली केमिस्ट्री, म्हणजे मी. रत्नागिरीजवळच्या या कॉलेजात मी सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. विभागात मंजूर जागा दोन. त्यातली एक माझ्या सहकाऱ्यांच्या निवृत्तीपासून रिकामी आहे आणि त्यांच्या खुर्चीवर आता ब्युरेटचे स्टँड बसतात. तिसऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या मावशी, पण त्या जागांमध्ये मोजल्या जात नाहीत. मावशी एकोणीस वर्षं तात्पुरत्या होत्या. दर काही महिन्यांनी त्यांची ऑर्डर संपायची, एक दिवस घरी बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी जणू पहिल्यांदाच आल्यासारख्या नव्या ऑर्डरवर सही करायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, सुटीच्या त्या एका दिवशी काय करता? म्हणाल्या, "काय करणार? प्रयोगशाळेत येतंय. कुलूप कोण काढील?"

बैठक संपल्यावर प्राचार्यांनी मला थांबवून घेतलं.

"मॅडम, तुमच्या वर्गात मुलं किती?"

"बारा."

"त्यातली येतात किती?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी सरळच सांगितलं. समितीचा शेरा चांगला आला नाही तर प्रयोगशाळा बंद होईल आणि तिथे बहुउद्देशीय सभागृह होईल. आमच्याकडे उद्देश एकही धड पार पडत नसताना बहुउद्देशीय सभागृह कशाला, हे मी विचारलं नाही. पुढे ते म्हणाले की मावशींना कायम करण्याची फाइल त्यांच्या टेबलावरच आहे. शेरा चांगला आला तर ती पुढे जाईल. प्रयोगशाळाच गेली तर मग कुठली जागा आणि कुठल्या मावशी.

मावशींना निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गुडघ्यांनी जाम होऊन घरी बसलेला. ऑफिसच्या बाहेर कायम कर्मचाऱ्यांच्या नावांचा एक फळा आहे. रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसायचं काम मावशींचं. त्यावर शेवटच्या नावाखाली दोन ओळींची जागा रिकामी आहे. ती त्या जरा जास्तच घासून पुसत, हे मी बऱ्याच वेळा पाहिलेलं.

तर अशा रीतीने एका बाईची चार वर्षं माझ्या टाकाऊतल्या टिकाऊवर येऊन ठेपली. मी एका नियतकालिकात झिओलाइटबद्दल वाचलं होतं. झिओलाइट म्हणजे एक पांढरं खनिज, आत सूक्ष्म भोकंच भोकं असलेलं. जड पाण्यातलं कॅल्शियम ते त्या भोकांमध्ये धरून ठेवतं, त्यामुळे साबणाला फेस येतो. धुण्याच्या पावडरीत ते घालतात. घाट चढून देशावर गेलं की काळ्या दगडाच्या खाणींत त्याचे सुंदर स्फटिक सापडतात. आमच्या जांभ्यात भोकं पुष्कळ, स्फटिक नाहीत. आणि जमिनीतून आयता निघालेला दगड समितीला चालला नसता. तिला कचरा हवा होता.

तेव्हा कचऱ्यातून खनिज करायचं ठरलं. त्याला सिलिका लागते, ती भाताच्या तुसाच्या राखेत असते. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरणीत तूस जाळतात, तिथून राखेचं पोतं आलं. ॲल्युमिनियम लागतं, त्यासाठी किनाऱ्यावर पर्यटकांनी टाकलेले पेयांचे डबे आणि भंगारातली एक चेपलेली कढई मिळाली. तिसरा कॉस्टिक सोडा. तो टाकाऊ मिळत नाही, म्हणून नवी बरणी फोडली. पुढे गॅसचा एक सिलिंडर संपला, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपले, आणि निघालं ते अर्धी वाटी झिओलाइट. अहवालात हे सगळं मी 'शून्य कचरा' या मथळ्याखाली लिहिलं. तसं ते खरंही होतं, कारण कचरा फारसा वापरलाच नव्हता.

पण हे पुढचं झालं. पहिली अडचण राखेतच आली. गिरणीची राख काळीकुट्ट होती. मी ती कॉस्टिकमध्ये उकळली तर डांबरासारखं पाणी झालं. मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, ही राख कच्ची हाय," त्या म्हणाल्या. "काळी म्हंजी अर्धीच जळलेली. आमची आय दाताला तुसाची राख करायची ती पांढरी फेक असायची."

"ती कशी करायची?"

"जाळ घालायचा नाय. मडक्यात भरायची नि इस्तवावर रातभर ठेवायची. घाई केली की काळी ऱ्हाते."

दुसऱ्या दिवशी त्या घरून मडकंभर राख घेऊन आल्या. ती तांदळाच्या पिठासारखी पांढरी होती. मी अहवालात लिहिलं, 'नियंत्रित तापमानावर भस्मीकरण'. तापमान कोणी नियंत्रित केलं ते लिहिण्यासाठी त्या नमुन्यात रकाना नव्हता.

दुसरी अडचण भट्टीची. मिश्रण घट्ट झाकणाच्या बरणीत भरून उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर सहा-सात तास ठेवावं लागतं, तेव्हा त्यातून स्फटिक धरतात. आमचा ओव्हन एक तर गार असतो नाहीतर लाल. दुरुस्तीचा अर्ज दोन प्राचार्यांमागे दिलेला आहे. मी कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा मावशींनी विचारलं, "म्हंजी वाफेवर ठेवायचा ना? मग त्यात काय. माझा मोदकपात्र आणतंय." त्यांचं मोदकपात्र स्टीलचं होतं, तीन मजली, माहेरहून आलेलं. ॲल्युमिनियमचं असतं तर प्लास्टिकच्या बरणीतून सांडलेल्या कॉस्टिकने त्याची चाळण झाली असती. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मावशी मोदकपात्रासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि पाणी कमी झालं की घालत राहिल्या. संध्याकाळी बरणीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता.

तो मी स्वतः धुतला, वाळवला आणि मावशींच्याच विहिरीच्या पाण्यावर तपासला. त्यांची विहीर खाडीच्या कडेला आहे, तिच्या पाण्यात साबण घासून घासून हात दुखतात पण फेस येत नाही. दोन चमचे झिओलाइट घालून ढवळलं, गाळलं, साबणाचं पाणी टाकून बाटली हलवली. फेस बुचापर्यंत आला. मावशींनी बाटली हातात घेऊन पुन्हा हलवली. मग पुन्हा. "राखेत ह्यो गुण व्हता," त्या म्हणाल्या, "नि आमी ती भांड्यांना लावत ऱ्हायलंव." मला त्या दिवशी खरंच फार आनंद झाला. सव्वीस वर्षांत मी कॉलेजात पहिल्यांदा काहीतरी तयार केलं होतं, गुणपत्रिका सोडून.

उरलेली पावडर प्राचार्यांनी काचेच्या बाटलीत भरून घेतली आणि आपल्या टेबलावर गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवत. समितीसाठी आता मोठा घाणा काढायचा होता. चांगलं किलोभर तरी दिसलं पाहिजे, असं प्राचार्यांचं म्हणणं. विज्ञानात वजनाला महत्त्व असतंच. शिवाय मोदकपात्राची नोंद विभागाच्या साहित्यात करा, त्यांनी सांगितलं, म्हणजे समितीला स्वतःचं उपकरण दिसेल. मी साहित्य नोंदवहीत लिहिलं, 'जलऔष्णिक पात्र, तीन स्तरीय, एक नग'. मावशींना विचारलं नाही. त्यांच्याच भांड्याचं बारसं होतं, पण त्या तेव्हा ते घासत होत्या.

मोठा घाणा मोदकपात्रावर चढवला आणि नेमकी मला परीक्षेच्या कामाला खेडला जायची ऑर्डर आली. दोन दिवसांचं काम, आणि तिसऱ्या दिवशी समिती. मी मावशींना समजावून सांगितलं. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा ओतायचं. कॉस्टिक पूर्ण जाईपर्यंत. आता ते गेलं हे कसं ओळखायचं? लिटमसच्या पट्ट्या होत्या, पण आमच्या हवेत चार पावसाळे कपाटात काढून त्या सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. नव्या मागवायला तीन ठिकाणचे दर आणावे लागतात. म्हणून मी सोपं करून सांगितलं, "ओतलेलं पाणी बोटाला बुळबुळीत लागायचं थांबलं, की झालं."

"बुळबुळ गेली पायजे," मावशी म्हणाल्या. "समजला."

मी एस.टी.त बसले. एवढी साधी गोष्ट समजावून सांगितल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. ती का करायची हे सांगायचं राहिलंय, हे मला हातखंब्यापर्यंतही आठवलं नाही आणि खेडपर्यंतही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत शिरले तर टेबलावर मोठं पातेलं झाकून ठेवलेलं. झाकण काढलं. आत गुलाबी खळ होती. लपलप हलणारी, छान रंगाची, थेट जेलीसारखी. मी बोट घालून पाहिलं. बुळबुळ अजिबात नव्हती.

"मावशी, हे काय?"

"मॅडम, अकरा पाण्यातना काढला मी ता," मावशी म्हणाल्या. चेहरा ओढलेला, पण काम फत्ते झाल्याचा. "पण बुळबुळ काय जायना. बोटं भाजायला लागली. मग म्हटला, बांगड्याची बुळबुळ आपण कशानं काढतो? आगळानं. अळवाची खाज कशानं जाते? आमसुलानं. घरात आगळाची बाटली व्हती ती आणली."

"सगळी?"

"सगळी नाय कशी? आधी थोडा घातला तर निळा-हिरवा झाला. म्हटला, अजून आतमधी हाय. मग घालत गेलंय, घालत गेलंय. शेवटाला लाल ऱ्हायला, तवा थांबलंय. तुमीच सांगितलाव ना, बुळबुळ गेली पायजे."

मी स्टुलावर बसले. आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस. आम्लाने अल्कली मरतं, आणि ते मेलं की नाही हे कोकमाचा रंगच सांगतो. या बाईने एकही पुस्तक न उघडता टायट्रेशन केलं होतं, आणि माझ्या बारा मुलांपैकी नऊ जणांना ते पेपरात येत नाही. फक्त एक गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, की आंबटाने हे खनिजच विरघळतं आणि त्याची खळ होते. ती सांगायचं काम माझं होतं. मी ओरडणार होते, तोंडही उघडलं होतं. मग त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दिसली. कातडी सोलून निघाली होती.

"बिघाडला काय?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वेगळं झालं."

गणपती करायला गेलं आणि मारुती झाला, अशी ती गत. किलोभर झिओलाइटची किलोभर खळ. प्राचार्य आले, त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. फाटकात गाडी वाजली. ते धावत जाऊन आपल्या टेबलावरची बाटली घेऊन आले. तसबिरीशेजारी ठेवलेली ती दोन-तीन चमचे पावडर, तेवढीच आता आमची इज्जत.

समितीत तिघे होते. त्यांतले दोघे जेवणाचं विचारत होते. अध्यक्षांना मात्र विज्ञानात रस होता, म्हणजे ते प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत. मी मावशींच्या विहिरीचं पाणी घेतलं, बाटलीतली पावडर टाकली, गाळलं, हलवलं. फेस आला. "वा," अध्यक्ष म्हणाले, "कचऱ्यातून फेस." ते कौतुकाने म्हणत होते. आता ते पुढे जातील असं वाटत असताना त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं.

"आणि हे?"

मी म्हणाले, "हा दुसरा टप्पा आहे, सर. सिलिका जेल. स्थानिक फळाचं आम्ल वापरून केलेलं." यातला शब्द न् शब्द खरा होता.

"कोकम?" त्यांनी वास घेतला. चेहरा उजळला. "म्हणजे आम्लही स्थानिक, रंगही स्थानिक, आणि तो रंगच आम्लता दाखवतो! अहो, हेच तर आम्हांला ठिकठिकाणी शोधून सापडत नाही. ही कल्पना कोणाची?"

मावशी दारातच उभ्या होत्या, हातात सरबताच्या ग्लासांचा ट्रे. तेही कोकमाचंच होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. माझ्या मनात आलं, नववी शिकलेल्या मावशींनी मासळी धुतात तसं धुतलं असं सांगितलं तर हा माणूस हसेल, शेरा जाईल, प्रयोगशाळा जाईल आणि यांची फाइलही जाईल. हे सगळं मी निमिषात विचारात घेतलं. पण त्याच निमिषात मला ते कौतुक स्वतःसाठी हवंही होतं. कोणतं आधी मनात आलं ते आज शपथेवर सांगता येणार नाही.

"विभागाचं स्वतःचं संशोधन आहे, सर," मी म्हणाले.

"छान. विभागात कोण कोण?"

"सध्या मी एकटीच."

मावशींनी पुढे येऊन सरबत दिलं. सोललेली बोटं त्यांनी ट्रेखाली धरली होती.

शेरा उत्तम आला. प्रयोगशाळा वाचली. प्राचार्यांनी समितीच्या अहवालातली शेऱ्याची ओळ मोठ्या अक्षरांत छापून फ्रेम केली. महिन्याभराने मावशींची फाइलही हलली, कबूल केल्याप्रमाणे. ती परत आली तेव्हा तिच्यावर एक टिप्पणी होती. समितीच्या अहवालानुसार सदर प्रयोगशाळेतील काम आता संशोधन स्वरूपाचे असल्याने तेथे विज्ञान शाखेचा पदवीधर सहायक नेमणे योग्य होईल, विद्यमान तात्पुरत्या सेविकेच्या ऑर्डरला मुदतवाढ देऊ नये.

मी ती टिप्पणी दोनदा वाचली आणि तडक प्राचार्यांकडे गेले. ते संशोधन माझं नव्हतं, असं सांगितलं. राख, पात्र, आगळ, सगळं मावशींचं होतं.

"मॅडम," त्यांनी चष्मा काढला, "मग समितीने काय पाहिलं? तुम्ही लेखी द्या, मी पाठवतो. शेरा मागे जाईल. प्रयोगशाळाही जाईल. तुमचीही दुसरीकडे बदली होईल. मावशी काही राहणार नाहीतच. द्यायचं का लेखी?"

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पेनही दिलं. मी उठून वर्गावर गेले.

मावशींना मीच सांगितलं. त्या बराच वेळ सिंक घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "पदवीधर येल तो राख पांढरी करील ना? त्याला सांगा, घाई करायची नाय." मला रडू आलं आणि त्यांनीच मला पाणी दिलं. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे नावांचा फळा पुसला. खालच्या दोन ओळी त्या दिवशी त्यांनी बाकीच्या ओळींइतक्याच घासल्या.

दुपारी किल्ल्या देताना म्हणाल्या, "मॅडम, गणपती आलं जवळ. माझा मोदकपात्र मी नेतंय." आणि दहा मिनिटांनी पात्र घेऊन परत आल्या. फाटकावर वॉचमनने अडवलं होतं. पात्रावर विभागाचा नंबर रंगवलेला होता. कॉलेजची वस्तू पासाशिवाय बाहेर जात नाही. वॉचमन त्यांचा गाववाला, पण नियम तो नियम.

पास विभागप्रमुखाने द्यायचा असतो. मी पुस्तक काढलं. वस्तू: मोदकपात्र, स्टीलचं, एक. मालक: प्रयोगशाळेच्या मावशी. तिसरा रकाना कारणाचा होता, अर्ध्या ओळीचा. मी लिहायला लागले आणि थांबता येईना. हे पात्र त्यांच्या माहेरचं आहे. राख त्यांनी पांढरी केली. झिओलाइट त्यांच्या पात्रात धरलं. आगळाची कल्पना त्यांची, चूक होती ती माझी, कारण मी अर्धंच सांगितलं. कागद पुरला नाही तेव्हा उलटून मागे लिहिलं. या विभागात मी एकटी कधीच नव्हते. खाली तारीख घातली, पूर्ण सही केली, शिक्का मारला. प्राचार्यांच्या कोऱ्या कागदावर जे लिहायचं होतं ते सगळं त्यात आलं.

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. वॉचमनने पास हातात घेतला, शिक्का आहे एवढं पाहिलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला आधीच्या पासांवर टोचला. मग मावशींना म्हणाला, "जा वयनी."